खडीच्या रस्त्याने नामिबिया

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला 'प्रवासावर अर्धा तास बोला' असे सांगितले तेव्हा मी थोडे आढेवेढे घेतले. परदेशी जाऊन आलेल्या भगिनी आता आपल्या मंडळात काही थोड्या नाहीत. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत सहा सहा महिने राहून आलेल्याच येथे पाच-सहा जणी बसल्या आहेत. पण 'वाळवंटात जाऊन डोंगर चढून आलेल्या तुम्हीच' असे त्या म्हणाल्या आणि मग मला नाही म्हणता येईना. माझ्याबरोबर आलेल्या आमच्या वन्सं समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यामुळे तिखटमीठ लावण्याची सोय नाही, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही चौघे गेलो होतो. मी, वन्सं, माझी लेक आणि जावई. 2024 सालच्या जूनच्या अखेरीस. तिकडे तेव्हा थंडीचे आणि कोरड्या हवेचे दिवस असतात, आणि जनावरे पाहायची तर तेच दिवस चांगले. पाऊस नसला की जनावर पाण्याच्या आसऱ्याला येते.

नामिबिया हा आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला, अटलांटिक महासागराच्या काठचा देश. आपल्या महाराष्ट्राच्या अडीच पटीहून मोठा, आणि माणसे सगळी मिळून 30 लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहरात मावतील त्याहून कमी. 1884 पासून तेथे जर्मनांचे राज्य होते, 1915 पासून दक्षिण आफ्रिकेचे. देश स्वतंत्र झाला तो 21 मार्च 1990 रोजी. एवढा इतिहास तूर्त पुरे.

विंडहूक या राजधानीत आम्ही भाड्याची मोठी गाडी घेतली. तिला एक सोडून दोन जादा चाके होती, तेव्हाच मी मनात चरकले. गाडी देणाऱ्या माणसाने नियम सांगितले. डांबरी रस्ता संपला की ताशी 80 किलोमीटरच्या वर जायचे नाही. अंधार पडल्यावर गाडी रस्त्यावर ठेवायची नाही, कारण कुडू नावाचे मोठे हरीण काचेवर येऊन आदळते. पेट्रोलचा पंप दिसला की टाकी अर्धी भरलेली असली तरी भरून घ्यायची. आणि पाणी? पाणी किती घ्यायचे ते त्याने सांगितले नाही; गाडीत बघितले आणि म्हणाला, 'आणखी घ्या.'

पहिला मुक्काम सेसरीमला. या नावाची गोष्ट आपल्याला कळण्यासारखी आहे. तेथे जमिनीला एक अरुंद, खोल घळ आहे आणि तिच्या तळाशी पाणी. जुने वसाहतवाले बैलगाड्या घेऊन येत, तेव्हा चामड्याच्या सहा वाद्या एकीला एक बांधल्या म्हणजे पोहरा पाण्याला टेकत असे. सेस म्हणजे सहा, रीम म्हणजे वादी. ज्या गावाचे नावच पोहऱ्याच्या दोरावरून पडले, तेथे पाण्याची काय कथा असेल ते ओळखा.

तेथून पुढे सोसुसव्हलेई. तांबूस वाळूचे डोंगर, टेकड्या म्हणवत नाही त्यांना. वाळूत लोखंडाचा गंज आहे म्हणून हा रंग. सर्वांत उंच गणल्या जाणाऱ्यांपैकी एक सुमारे 325 मीटरचा आहे. आम्ही त्याच्या वाटेला गेलो नाही. एक लहान निवडला. वाळूच्या धारेवरून चालताना एक पाऊल पुढे टाकावे तर अर्धे मागे येते. वन्संनी पाचवारी खोचली, पायांत त्यांच्या मुलाचे जुने बूट, आणि त्या माझ्या आधी वर पोचल्या. पलीकडे उतरले की डेडव्हलेई. पांढऱ्या मातीची सपाट थाळी आणि तीत काळी पडलेली झाडे उभी. पूर्वी तेथे नदीचे पाणी येई. वाळूने वाट अडवली, पाणी तुटले, आणि झाडे 600-700 वर्षांपूर्वी वाळली असे मानतात. हवा इतकी कोरडी की कुजायलासुद्धा ओल नाही, म्हणून ती अजून उभी आहेत. लेक छायाचित्रे काढत होती. वन्सं एका झाडाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'अंगणातलं झाड असतं तर एव्हाना सरपणाला गेलं असतं.'

आता मुख्य गोष्टीकडे येते.

वाळूचा कंटाळा आला म्हणून जावयांनी नाउक्लुफ्ट डोंगरात पायी फिरण्याचा बेत केला होता. नाउक्लुफ्ट म्हणजे अरुंद घळ. वरून पाहिले तर सह्याद्रीचा उन्हाळ्यातला कातळ, पण घळीत शिरले की झरे, डोह आणि अंजिराची झाडे. तेथे पायवाटा आखलेल्या आहेत. एक 17 किलोमीटरची आहे, ती आम्ही सोडली. दुसरी 10 किलोमीटरची, रानजैतुनाच्या झाडांवरून तिचे नाव पडले आहे. वाटेत कोकरबोम नावाचे झाड दिसते. सान लोक त्याच्या फांद्या पोकरून बाणांचे भाते करीत. डोंगरी झेब्रेही दिसले. त्यांचे पट्टे पोटापर्यंत येत नाहीत, पोट पांढरे असते, जणू रंगवणाऱ्याचा रंग संपला.

या वाटेवर एका ठिकाणी डोह आडवा येतो आणि कड्याला लोखंडी साखळ्या ठोकल्या आहेत. त्या धरून, पाण्यावर लोंबत कडेने जायचे. मला भीती होती ती याच जागेची. पण तेथे आम्ही चौघेही सुखरूप पार पडलो, वन्संनी तर साखळीला नमस्कार करून मग हात घातला. आणि पुढे अर्ध्या तासाने, अगदी साध्या उतारावर, जावयांच्या पायाखालचा धोंडा निसटला. पाय मुरगळला. बघता बघता घोटा सुजला आणि पाऊल टेकवेना.

फोन लागत नव्हता. मागे साखळ्या होत्या, म्हणजे परतायची वाट बंद. पुढे तीन-साडेतीन किलोमीटर राहिले होते. लेकीने ओढणी फाडून घोटा आवळला. एका खांद्याला ती, दुसऱ्याला मी, आणि वन्सं पुढे वाटेतले धोंडे पायाने बाजूला सारीत. सकाळी निघताना वन्संनी प्रत्येकीच्या दोन लिटरशिवाय आणखी दोन बाटल्या पिशवीत घातल्या होत्या. आम्ही हसलो होतो. त्या बाटल्या तिसऱ्या तासाला उघडल्या. वर कड्यावर माकडांची टोळी बसून आमच्यावर भुंकत होती. होय, तिकडची बबून माकडे भुंकतात. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा तळ दिसला.

रात्री चुलीपाशी बसून प्रश्न निघाला, की उद्या गाडी कोण हाकणार? लेक मुंबईच्या लोकलने लहानाची मोठी झाली, तिला स्टिअरिंग धरता येत नाही. वन्संचा प्रश्नच नव्हता. माझ्याजवळ परवाना होता. परदेशात चालणारा कागदही लेकीने निघताना हट्टाने करून घेतला होता. पण माझे गाडी चालवणे म्हणजे घर ते मंडई आणि मंडई ते हे सभागृह.

जावई म्हणाले, 'आई, आता तुम्हालाच चालवावी लागणार.'

लेक म्हणाली, 'आई, तू गणपतीत मंडईजवळ गाडी लावतेस. त्याहून हे अवघड नाही.'

डॉक्टर आणि क्ष-किरणाची सोय समुद्रकाठी वॉल्व्हिस बेला. अंतर सुमारे 300 किलोमीटर, बहुतेक सगळे खडीचे. एक बरे, की तिकडेही गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात.

भगिनींनो, तो दिवस मी विसरणार नाही. रस्ता पन्हाळीच्या पत्र्यासारखा. हळू गेले तर दात वाजतात, जोरात गेले तर गाडी तरंगल्यासारखी होते आणि वळणावर तिचा मागचा भाग बाजूला सरकू पाहतो. एकदा तसा सरकलाच. मागून जावई ओरडले, 'ब्रेक नको, आई, ब्रेक नको!' मी पाय काढून घेतला आणि चाक नुसते धरून ठेवले. गाडी आपोआप सरळ झाली, पण पुढचे दहा मिनिटे माझे हात थरथरत होते. समोरून मालमोटार आली की धुळीचा पडदा पडतो, आणि त्या पडद्यात काही क्षण आंधळ्याने चालावे तसे जायचे. मैलोगणती घर नाही, माणूस नाही. कुठे एखादा ओरिक्स, सरळ लांब शिंगांचा, या देशाच्या राजमुद्रेवर असतो तो, उन्हात एकटा उभा. आपल्याला बेशुद्ध पाडील एवढे त्याचे अंग तापते, पण मेंदूकडे जाणारे रक्त नाकाजवळ थंड होऊन जाते, म्हणून तो टिकतो. माझ्या मेंदूची तशी काही सोय नव्हती.

वन्सं माझ्याशेजारी बसल्या होत्या. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मला वाटले, घाबरल्या आहेत. मग एकदम म्हणाल्या, 'वहिनी, ही एवढी खडी कुणी फोडली असेल हो?'

आणि त्या 1972 च्या दुष्काळाचे सांगू लागल्या. तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, सांगोल्याकडच्या गावी. विहिरी आटल्या, जनावरे सोडून द्यावी लागली, आणि गावातल्या बाया खडी फोडायला जाऊ लागल्या. आमच्या सासूबाईही गेल्या. हे मला माहीतच नव्हते. घर खातेपिते, मानाचे. म्हणून त्या पहाटे अंधारात तोंडावर पदर ओढून जात आणि अंधार पडल्यावर येत, कुणी पाहुण्याने पाहू नये म्हणून. दुपारी कामावर सुकडी मिळे, ती त्या स्वतः न खाता पदरात बांधून मुलांना आणीत. घरात लाल मिलोच्या भाकरी, त्या मुलांना गिळवत नसत. एकदा हातोडा डाव्या अंगठ्यावर बसला आणि नख कायमचे वाकडे झाले.

ते वाकडे नख मी 22 वर्षे पाहिले होते. त्याच हाताने त्यांनी मला पुरणपोळी लाटायला शिकवली. कशाने झाले, हे मी एकदाही विचारले नाही.

'तुमच्या भावानं कधी सांगितलं नाही,' मी म्हटले.

'त्याला सांगायची चोरी होती,' वन्सं म्हणाल्या. 'आईनं शपथ घातली होती.'

मागे लेक आणि जावई गप्प ऐकत होते. मी गाडी चालवत राहिले. रस्त्यावरून नजर काढायची सोय नव्हती, ते एका परीने बरेच झाले.

मकरवृत्ताची पाटी लागली तेथे आम्ही उतरलो. 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर तेथे डोक्यावर येतो. वन्संनी डब्यातून तिळाच्या वड्या काढल्या आणि म्हणाल्या, 'मकर आहे तर तीळगूळ हवाच.' भर जुलैत, आफ्रिकेत, आम्ही एकमेकींना तीळगूळ दिला. पुढे कुइसेब नदीची दरी. दुसऱ्या महायुद्धात अटक चुकवण्यासाठी हेन्नो मार्टिन आणि हेर्मान कोर्न हे दोन जर्मन भूशास्त्रज्ञ एका कुत्र्याला घेऊन या रानात दडले आणि अडीच वर्षांच्या आसपास शिकार करून जगले. शेवटी कोर्न आजारी पडला म्हणून बाहेर आले. त्या दरीचा घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरले आणि दुसऱ्यातच चढले. मग सपाट माळ, इतका सपाट की क्षितिज आखून काढल्यासारखे, आणि चार वाजता समोर धुके. धुके आले म्हणजे समुद्र आला.

हाड मोडले नव्हते. शिरेला ताण बसला होता. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि दहा दिवस चालायचे नाही म्हणून सांगितले. म्हणजे उरलेला सगळा प्रवास माझ्या हाती आला.

त्या किनाऱ्याला थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. म्हणून पाऊस जवळजवळ नाही, पण धुके वाळवंटात दूरवर जाते, आणि सगळी जीवसृष्टी त्यावर जगते. एक काळा भुंगा आहे. पहाटे तो वाळूच्या धारेवर डोके खाली, पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर धुक्याचे थेंब जमतात आणि ओघळून तोंडात येतात. वेल्विट्शिया नावाची वनस्पती जन्मभर दोनच पाने वागवते. पाने वाढत राहतात, फाटतात, चिंध्या होतात, पण नवे पान नाही. काही झाडे हजार वर्षांहून जुनी आहेत. दिसायला, खरे सांगू, उकिरड्यावर टाकलेल्या केळीच्या पानांसारखी. खाडीत रोहित पक्षी पाहिले, स्वाकोपमुंडला जर्मन धाटणीची घरे पाहिली. तेथे सांगण्यासारखे काही घडले नाही.

ट्वायफेलफाँटेन येथे तांबड्या खडकांवर कोरलेली जनावरे आहेत, हजारो वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांनी कोरलेली. 2007 साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. एका सिंहाची शेपटी लांब आहे आणि तिच्या टोकाला पाऊल उमटवले आहे. जावई गाडीतच बसले, म्हणाले, 'आई, तुम्ही बघून या आणि मला सांगा.' मी सांगितले; पण मला चित्र काढता येत नाही, त्यामुळे त्यांनी नुसते 'हो हो' म्हटले.

आणि मग एटोशा. 1907 साली राखलेले हे रान 22,000 चौरस किलोमीटरहून मोठे आहे, आणि मधोमध मिठाची पांढरी खाजण, सुमारे 4,800 चौरस किलोमीटरची. लंगड्या माणसासाठी देवाने केलेली जागा कुठली असेल तर ओकाउकुएयोचे पाणवठे. मुक्कामाच्या कुंपणाशी बाके मांडली आहेत, पलीकडे तळे, आणि रात्रभर त्यावर मंद दिवे. आपण बसून राहायचे. जनावरे आपल्याला पाहायला येतात असे म्हणा ना.

तीन रात्री आम्ही शाली पांघरून तेथे बसलो. जिराफ पाणी पिताना पुढचे पाय फाकवून किती अवघडून उभा राहतो! पाणी पिऊन झाले की मान एकदम वर घेतो आणि चारही बाजूंना पाहतो. हत्तिणींचा कळप पिलांसह आला, तसे बाकीचे सगळे मागे सरले. दुसऱ्या रात्री उशिरा काळी गेंडीण आली, मागे तिचे पिलू. काळा म्हणतात पण रंग राखाडीच. ओळखायचा तो टोकदार वरच्या ओठावरून. जगातल्या काळ्या गेंड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश या एका देशात उरले आहेत, आणि शिंगासाठी चोरटी शिकार अजून चालते. बाकांवर पन्नास माणसे असतील, पण कुणी खोकले नाही.

पण त्या वर्षी जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. त्या देशाने मे 2024 मध्येच दुष्काळाची आणीबाणी जाहीर केली होती. पाणवठ्याजवळ गवताची काडी नव्हती. झेबरे धूळ हुंगत चालले होते. आम्ही परत आल्यावर ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात आले, की सरकारने 723 रानजनावरे मारून त्यांचे मांस भुकेल्या लोकांना वाटायचे ठरवले आहे. त्यांत 83 हत्ती आणि 300 झेबरे. उरलेल्या जनावरांना चारापाणी पुरावे हाही हेतू होता.

मी ते वाचून वन्संना फोन केला. मला रडूच आले होते. वन्सं थोडा वेळ थांबून म्हणाल्या, 'वहिनी, तुम्ही ती गेंडीण पाहिली, मीही पाहिली. पण मी मिलोची भाकरी खाल्ली आहे.'

मी म्हटले, 'पण हत्ती, वन्सं?'

'आमचा खिलारी बैल हत्तीएवढाच होता मला. दावं सोडताना आईनं त्याच्या पाया पडून सोडला.'

आमचा त्यावर वाद झाला आणि अजून चालू आहे. त्याच देशाने 1996 साली कायदा करून रानाजवळच्या गावांना जनावरांच्या उत्पन्नात हक्क दिला. अशा 80 हून अधिक ग्रामसंस्था आहेत, आणि पूर्वी चोरटी शिकार करणारे कित्येक आता राखणदार आहेत, हेही खरे. म्हणजे तो देश जनावरांचा वैरी नाही. तरी मला ते 83 हत्ती पटत नाहीत. वन्संना माझे न पटणे पटत नाही. आज येथे त्या माना हलवताहेत, पाहा.

चित्ता दिसला का, असे आल्यापासून प्रत्येकीने विचारले. नाही दिसला. 17 सप्टेंबर 2022 रोजी आठ चित्ते तेथूनच आपल्या कुनोला आले, पण तेथले बहुतेक चित्ते राखीव रानात राहत नाहीत, खासगी शेतमळ्यांवर फिरतात, हे आम्हाला तेथे गेल्यावर कळले.

परतीच्या वाटेवर वाटरबर्गच्या पायथ्याशी एक रात्र राहिलो. 1904 साली तेथे जर्मन फौजेने हेरेरो लोकांचा पराभव केला आणि त्यांना निर्जल वाळवंटात हाकलले. हजारोंनी माणसे मेली. तो वंशसंहार होता हे जर्मनीने कबूल केले 2021 साली. हेरेरो बायका आजही मिशनऱ्यांच्या बायकांकडून उचललेला तो पायघोळ, घेरदार झगा घालतात आणि डोक्याला गाईच्या शिंगांसारखे दोन्हीकडे टोक काढलेले फडके बांधतात. पेट्रोल पंपावर अशी एक आजीबाई भेटली. तिने वन्संच्या साडीचा काठ दोन बोटांत धरून पाहिला, वन्संनी तिच्या झग्याचा घेर. मग दोघींनी हातांनी खुणा करून, किती वार लागते, ते एकमेकींना सांगितले. आमचे तिघांचे पेट्रोल भरून झाले तरी त्यांचे संपेना.

विंडहूकला गाडी परत केली तेव्हा त्या माणसाने तिच्याभोवती दोनदा फेरी मारली. काचेला एक खडा लागलेला, एक चाक बदललेले. बाकी काही नाही. 'कुणी चालवली?' त्याने विचारले. जावयांनी कुबडी उचलून माझ्याकडे दाखवले.

दक्षिणेला फिश नदीची दरी आहे, 160 किलोमीटर लांब, 550 मीटरपर्यंत खोल. तिच्या तळाने 85 किलोमीटर चालत जायचे, चार-पाच दिवस, पाठीवर शिधा घेऊन. मे ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच सोडतात, आणि डॉक्टरचा दाखला लागतो. तेवढे आमचे राहिले आहे. वन्संनी रोज सकाळी पर्वती चढायला सुरुवात केली आहे. कुणाला यायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी त्यांच्याकडे नाव द्यावे. जादा पाण्याच्या बाटल्या त्याच घेणार आहेत.